सहा कचेऱ्यांचं वऱ्हाड

बाबांची इच्छा साधीच होती. "एकदा सगळं वऱ्हाड फिरवून आण. नोकरीत फिरलो ते तालुक्याच्या कामापुरतं." बाबा महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. आता वय शहात्तर. पुण्यात माझ्याकडे राहतात, पण बोलताना अजून "आपल्याकडं" म्हणतात ते वऱ्हाडालाच.

वाटेचा नकाशा त्यांनीच काढला, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. त्यावर सहा नावं होती: बुलढाणा, वाशीम, अकोला, एलिचपूर, अमरावती, वणी. इंग्रजांच्या काळातले वऱ्हाडचे हे सहा जिल्हे. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. वणी जिल्ह्याचं नाव पुढे यवतमाळ झालं. सरकारी नकाशावर आज वऱ्हाड नावाचं काहीच नाही, आहे तो अमरावती विभाग. पाच जिल्हे, ५६ तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १ कोटी १२ लाख ५८ हजारांच्या वर. तरी अकोल्याच्या माणसाला विचारलं की तो वऱ्हाडातलाच असतो.

दिवस पहिला: जालना ओलांडून सिंदखेडराजा

पहाटे पाचला पुणं सोडलं. जालना मागे टाकलं आणि मराठवाडा संपला. सीमा कळते ती पाटीवरून, जमीन दोन्हीकडे तीच काळी. डिसेंबरचा शेवट होता. तुरी शेंगांनी वाकल्या होत्या आणि कपाशीची दुसरी-तिसरी वेचणी चालली होती. बायका ओट्यात कापूस भरत ओळीनं पुढे सरकत होत्या. बाबांनी काच खाली केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मवाडा पाहिला आणि लखुजी जाधवांच्या समाधीपाशी थांबलो. समाधी एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांची मुलं मारली गेली. ही भूमी कुठल्या एका दरबाराची कधीच नव्हती, याची पहिली जाणीव मला तिथल्या सावलीत झाली. इथले देशमुख आणि जाधव कधी निजामशाहीच्या बाजूला, कधी मोगलांच्या. वर कोणीही आलं तरी वसुली गावातल्याच माणसाला करावी लागे.

तिथून मेहकरकडे जाताना थोडी वाट वाकडी करून साखरखेर्डा गाठलं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतं ते हे गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्कानं मोगलांचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला आणि दक्षिणेत निजामाचं राज्य उभं राहिलं. विजयानंतर गावाला फतेहखेर्डा हे नावही मिळालं, पण लोकांनी साखरखेर्डाच ठेवलं. हैदराबादच्या सव्वादोनशे वर्षांच्या राज्याची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाबाहेर झाली. पाहायला मात्र काही नाही. हरभऱ्याची शेतं आहेत.

मुक्काम मेहकरला केला. हा जिल्हा काही काळ मेहकरच्या नावानं ओळखला जात होता, मग कचेरी घाटावरच्या थंड हवेच्या बुलढाण्यात स्थिरावली. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण डोंगरावर आणि रेल्वे खाली मलकापूर-शेगावला. बाबांच्या यादीतल्या पहिल्या नावापर्यंत या खेपेस गेलोच नाही, कारण त्यांना वाशीम गाठायची घाई झाली होती.

दिवस दुसरा: लोणार, आणि मग आमचं वाशीम

लोणारचं सरोवर सकाळच्या उन्हात पाहिलं, दैत्यसूदनाच्या देवळात बाबा पायऱ्यांवर बसले, आणि दहाच्या आत निघालो. लोणारबद्दल खूप लिहून झालं आहे.

वाशीमबद्दल मात्र मला लिहायचंच आहे. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे सापडलेल्या ताम्रपटामुळेच ही शाखा इतिहासकारांना नीट कळली. अजिंठ्यातल्या काही उत्तम लेण्यांना ज्यांचा आश्रय होता, ते हरिषेण आणि त्यांचे अमात्य वराहदेव या शाखेचे. बालाजीच्या देवळासमोरच्या गर्दीत, पूजेच्या थाळ्या विकणाऱ्या बायकांमधून चालताना आपण एका साम्राज्याच्या राजधानीत आहोत हे सांगूनही पटत नाही.

वाशीमला जिल्हा दोनदा मिळाला आणि मधे एकदा गेला. १८७५ मध्ये अकोल्यातून वेगळा काढून वाशीम जिल्हा केला: वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके. तीस वर्षं कचेरी चालली. १९०५ मध्ये इंग्रजांनी सहाचे चार जिल्हे केले. अचलपूर अमरावतीत गेलं आणि वाशीमचे दोन तुकडे झाले. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला, पुसद यवतमाळला. वाशीम पुन्हा जिल्हा झालं ते १ जुलै १९९८ ला. म्हणजे मधे ९३ वर्षं.

या ९३ वर्षांचा अर्थ मला आमच्या घरातून माहीत आहे. आमचं गाव वाशीमपासून बैलगाडीच्या अंतरावर. आजीच्या वाटणीची जमीन नावावर करायची होती तेव्हा तिला आणि आजोबांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागे. सकाळी एसटी, दुपारी पोचायचं, काम झालं नाही की कोणाच्या तरी ओसरीवर रात्र काढायची. एका कागदापायी दोन दिवसांची मजुरी बुडायची. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "अकोला लय लांब हाय बाप्पा." नकाशावर ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. ज्याच्याकडे दोन दिवस सोडायला नाहीत, त्याच्यासाठी ते फार होतं.

१९९८ साली बाबांची बदली नव्या जिल्ह्यात झाली. अकोल्याहून जुनं दप्तर ट्रकनं आलं, त्या ट्रकबरोबर ते होते. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले. पण वाशीमच्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी तो सांगितला तेव्हा पहिल्यांदा मला तो दिसला.

"बस्ते होते लाल कापडाचे," ते म्हणाले. "गाठ सोडली की धूळ. आत कडुनिंबाचा पाला, वाळून चुरा झालेला, कसर लागू नये म्हणून कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी टाकलेला. काही कागद मोडीत. वरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत 'बासिम' लिहिलं होतं. मी म्हटलं, हे दप्तर घरी आलं."

त्यांनी दोन्ही हातांनी गाठ कशी बांधायची ते हवेत दाखवलं. चार टोकं समोरासमोर घ्यायची, पहिली गाठ सैल आणि दुसरी घट्ट, म्हणजे ओढली की सुटते पण उचलली तर सुटत नाही. रस्त्यानं जाणारा एक पोरगा थांबून पाहत राहिला.

नव्या वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आले: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. पुसद परत आलं नाही. ते यवतमाळातच राहिलं. पुसदहून वाशीम जवळ आणि यवतमाळ लांब, आणि पुसदच्या लोकांचीही स्वतःच्या जिल्ह्याची मागणी जुनी आहे. मला ती मागणी रास्त वाटते. जिल्हा मोठा असावा की लहान हा प्रश्न खर्चाच्या तक्त्यावर सोडवतात. तो सोडवताना एसटीचं वेळापत्रकही शेजारी ठेवलं पाहिजे.

रात्री आत्याकडे मुक्काम. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वरून मूठभर सांभार. पुण्यात सांभार म्हटलं की इडली डोळ्यापुढे येते, इथे सांभार म्हणजे कोथिंबीर. आत्यानं बाबांना विचारलं, "दादा, पुण्यात मन लागते का तुमचं?" बाबा काही बोलले नाहीत. तिनं अजून एक भाकरी वाढली.

दिवस तिसरा: घाट उतरून बाळापूर आणि अकोला

वऱ्हाडाचे तीन थर आहेत आणि ते गाडीत बसून समजतात. उत्तरेला सातपुड्याच्या रांगांत मेळघाट. मधे पूर्णा नदीचं सपाट खोरं, ते पयानघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराचा पठारी भाग, तो बालाघाट. सिंदखेडराजा, मेहकर, लोणार, वाशीम हे सगळं बालाघाटावर. मालेगाव, मेडशी करत पातूरकडे आलो तसा रस्ता उतरू लागला आणि पातूरनंतर समोर एकदम सपाटी आली. डोळा जाईल तिथवर काळी जमीन. हेच ते कापसाचं खोरं, ज्यासाठी इतकी राज्यं भांडली.

वाकडी वाट करून बाळापूरला गेलो. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधे विटांचा किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं काम सुरू केलं आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं १७५७ मध्ये ते पुरं केलं. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. काळ्या दगडाचे खांब, त्यांवरचं नाजूक काम, आणि पलीकडे कपडे वाळत घातलेले. बाबा म्हणाले, "ज्यानं पुरंदरचा तह केला, त्याची छत्री आपल्या वऱ्हाडात." मलाही ते चमत्कारिक वाटलं आणि बरंही वाटलं.

मोगलांच्या काळी वऱ्हाड सुभा आजच्यापेक्षा खूप मोठा होता. चांदबिबीच्या काळात, १५९६ मध्ये, अहमदनगरनं वऱ्हाड अकबराला देऊन टाकलं. आईन-इ-अकबरीत या सुभ्याची १६ सरकारं नोंदली आहेत. गाविल, नरनाळा, वाशीम, मेहकर तर आहेतच, शिवाय माहूर आणि पाथरीसुद्धा वऱ्हाडातच. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखं, त्याखाली परगणे. बाबांना परगणे तोंडपाठ, कारण जुन्या कागदांवर गावाच्या नावापुढे परगण्याचं नाव असे आणि ते लागल्याशिवाय गावच सापडत नसे.

निजाम आला, पाठोपाठ नागपूरकर भोसले आले आणि वऱ्हाडात दोघांचा अंमल सुरू झाला. ही दोअमली. वसूल कुठे निम्मा-निम्मा, कुठे साठ-चाळीस. एका गावात दोन सरकारांचे दोन वसूलदार. कुळानं कोणाला किती दिले याचा हिशेब दोघंही आपापल्या परीनं मांडणार. मी आजवर हे 'राजकीय व्यवस्था' म्हणून वाचलं होतं. बाबांनी विचारलं, "आणि दुष्काळात सूट कोण द्यायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर रेल्वे पुरी झाली आणि अकोला, खामगाव, बडनेरा, अमरावती यांचं नशीब पालटलं. त्याआधी अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. खामगावचा कापूस मुख्य मार्गावर आणायला जलंबपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये तो सुरू करायला व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. व्हॉइसरॉय खामगावला येतो, तेही तेरा किलोमीटरच्या रुळासाठी. कापसाचं वजन यावरून कळावं.

अकोल्यात मोर्णेकाठचा असदगड पाहिला, कृषी विद्यापीठाच्या आवारात बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे चहा झाला. ते काका खारपाणपट्ट्यावर बोलत राहिले. पूर्णेच्या दोन्ही काठांच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली तरी पाणी पिताही येत नाही आणि पिकाला देताही येत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. तिथल्या कित्येक गावांना सातपुड्यातल्या वान धरणाचं पाणी नळानं येतं. एवढी सुपीक जमीन आणि घोटभर गोड पाणी नाही. वऱ्हाडाला 'सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्यांनी हे पाणी एकदा जिभेवर ठेवून पाहावं.

दिवस चौथा: अडगाव, अंजनगाव, अचलपूर

ही आमची सगळ्यात आवडती वाट. अकोल्याहून अकोट, तिथून आधी पश्चिमेला अडगावापर्यंत जाऊन आलो, मग पूर्वेकडे अंजनगाव सुर्जी, परतवाडा. उजव्या हाताला सपाटी, डाव्या हाताला सातपुड्याची निळी भिंत सतत सोबत.

१८०३ च्या शेवटच्या पाच आठवड्यांत या एका रस्त्यावर मराठी राज्याचं केवढं तरी संपलं. २९ नोव्हेंबरला अडगावच्या रानात आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी इंग्रजांना कटक दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. भोसल्यांकडे उरले गाविलगड, नरनाळा आणि भोवतीचा थोडा प्रदेश. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह झाला. अंजनगावच्या बाजारातून गाडी सावकाश काढताना मला वाटलं, इथे एखादा मोठा फलक हवा होता. शाळेतली मुलं हे नाव पाठ करतात आणि गाव कुठे आहे ते त्यांना ठाऊक नसतं.

वर्धा नदी ही वऱ्हाडाची पूर्व सीमा झाली ती देवगावच्या तहात. आज अमरावती आणि वर्धा हे जिल्हे त्याच नदीनं वेगळे होतात.

दुपारी अचलपूर. वऱ्हाडाची ही खरी जुनी राजधानी. बहामनी राज्य फुटलं तेव्हा, १४९० मध्ये, इथला सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. मूळचा विजयनगरकडचा हिंदू मुलगा, लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या घरात वाढला. पाच शाह्यांत सगळ्यात आधी संपलेली शाही हीच, १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं गिळली.

तटाचे दरवाजे अजून उभे आहेत. गल्ल्या अरुंद, घरांना कोरीव लाकडी खांब, आणि दर थोड्या अंतरानं एखादी पडकी कमान. गावाबाहेर हौजकटोरा म्हणून एक बहुमजली अष्टकोनी इमारत तलावात उभी आहे. तिच्या आत वारा शिरला की गार वाटतं. दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्यापाशी हिंदू-मुसलमान दोघांचीही गर्दी होती. कानावर वऱ्हाडी आणि उर्दू इतकी मिसळून येत होती की वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं ते संपेपर्यंत कळेना.

इंग्रजांनी पलीकडे छावणी टाकली, ती परतवाडा. १८६७ पासून एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावतीत मिसळला. वाशीमला ९३ वर्षांनी कचेरी परत मिळाली, अचलपूरला अजून नाही. मागणी अधूनमधून उठते. चहाच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ भेटले. बाबांचं खातं कळल्यावर म्हणाले, "साहेब, राजधानी होती हे. आता तालुका हाय. अमरावतीले जा लागते प्रत्येक कामाले." बाबा साहेब या शब्दानं अवघडले. म्हणाले, "मी वाशीमचा आहे. मला ठाऊक आहे."

अचलपूरचं स्टेशन पाहिलं. शकुंतला रेल्वे, नॅरो गेज. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि तिथून यवतमाळ, कापूस मुख्य लोहमार्गावर आणायला टाकलेली लाईन. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत वाढलंय. आई लग्न होऊन दर्यापूरहून आली ती या गाडीनं. बाबा फलाटाच्या कडेला उभे राहिले. मी फोटो काढायला फोन उचलला आणि खाली ठेवला.

दिवस पाचवा: गाविलगड आणि मेळघाट

परतवाड्याहून घाटानं चिखलदरा. थंडी इतकी की बाबांना मफलर सुटेना. गडावर बाबा पहिल्या दरवाज्यापर्यंतच आले, पण तेवढ्यासाठीही ही चढण सार्थकी लागली. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहानं हा गड बांधला आणि पुढे फतहुल्लानं दुरुस्त केला. दरवाज्यावर दगडात कोरलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आहेत. मी जवळ जाऊन पाहिलं. पक्ष्याच्या नखांत आणि चोचीत हत्ती धरले आहेत, अगदी लहान, उंदराएवढे. एका हत्तीची सोंड अजून वर उचललेली. गंडभेरुंड विजयनगरच्या राजांचं चिन्ह. लहानपणी विजयनगरच्या मुलुखातून उचलून आणलेल्या माणसानं आपल्या गडाच्या दारावर ते कोरून घेतलं. मी तिथे किती वेळ उभी होते ते बाबांनी मोजलं, पाऊण तास.

१८०३ च्या त्या लढाईत भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग इथेच लढताना पडला. दुर्गम डोंगरातून तोफा ओढत आणून स्टीव्हन्सननं उत्तरेच्या तटाला भगदाड पाडलं. तट आजही ढासळलेला आहे.

मेळघाट म्हणजे चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके. १९७४ पासून इथे व्याघ्र प्रकल्प आहे, पण मेळघाट आधी कोरकूंचा. कोरकू भाषेचं मराठीशी नातं नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे तिचे सख्खे झारखंडकडचे. बाबांची पहिली नेमणूक धारणीला होती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की महिना महिना डाक यायची नाही. दाखले लिहिताना कोरकू नावं मराठीत कशी लिहायची हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ती आपल्या कानाला जशी आली तशी लिहिली आणि पुढे पन्नास वर्षं तीच नावं शाळेत, रेशनकार्डावर आणि मतदार यादीत राहिली. "चुकीचं लिहिलं असेल तर ते माझ्यामुळे," ते म्हणाले. हे त्यांच्या मनात इतकी वर्षं होतं, हे मला माहीत नव्हतं.

प्रांताची लोकसंख्या हा शब्द मी त्या दिवसापासून वेगळ्या कानानं ऐकते. १८९१ मध्ये वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं मोजली गेली. १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायची ती जवळजवळ दीड लाखानं घटली. मधे १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याहून भयंकर १८९९-१९०० चा, लोक ज्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. गोदामांत कापूस होता, रेल्वे होती, आणि माणसं मेली. कापसानं ज्वारीची जमीन खाल्ली होती आणि महाग धान्य घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता.

दिवस सहावा: अमरावती

यवतमाळला या खेपेस जाणं झालं नाही, बाबांचा गुडघा धरला होता. पोहरादेवी, पुसद, वणी हे सगळं पुढच्या वेळी.

अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि परकोटाच्या कडेनं चाललो. पेंढाऱ्यांच्या भीतीनं १८०७ मध्ये हा तट बांधायला घेतला होता. मग विभागीय आयुक्तांच्या कचेरीसमोर गाडी थांबवली, आत काही काम नव्हतं. इथेच वऱ्हाडचा कमिशनर बसे.

ही गोष्ट मला नीट मांडू दे, कारण तिचा गुंता मलाही या प्रवासातच सुटला. १८५३ मध्ये निजामाकडे इंग्रजांच्या कंटिंजंट फौजेचं, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या फौजेचं, देणं थकलं होतं. त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे दिलं गेलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून सरकारी नाव 'हैदराबाद असाइंड डिस्ट्रिक्ट्स'. धाराशिव आणि रायचूर दुआबही तेव्हा दिला होता, तो १८६० मध्ये परत गेला. वऱ्हाड गेलं नाही, कारण इथे कापूस होता. अमरावतीचा कमिशनर नागपूरला उत्तर देत नसे, हैदराबादच्या रेसिडेंटला, म्हणजे निजामाकडच्या इंग्रज प्रतिनिधीला, देई. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमचं पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलं. पण १९३६ मध्येसुद्धा कागदावर मालकी निजामाचीच होती आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब देण्यात आला. म्हणजे माझे आजोबा जन्मले तेव्हा त्यांच्या शेताचा सारा इंग्रज घेत होता, जमिनीचा राजा हैदराबादला होता आणि प्रांताची राजधानी नागपूरला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. विदर्भाचा एकच नागपूर विभाग होता, त्यातून नंतर अमरावती विभाग निघाला आणि वऱ्हाडाची जुनी हद्द पुन्हा एका कचेरीखाली आली, निराळ्या नावानं. आज अमरावतीत १४ तालुके, यवतमाळात १६, बुलढाण्यात १३, अकोल्यात ७, वाशीमला ६.

दिवस सातवा: कौंडण्यपूर

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी सकाळची प्रार्थना मिळाली. मग तिवसा, कुऱ्हा करत कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला पालखी जाते. वऱ्हाड हे नाव रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडावरून पडलं असं इथे सांगतात. वरदा नदीच्या तटावरचा मुलूख म्हणून वऱ्हाड, असंही म्हणतात. वरदा म्हणजे ही वर्धाच.

घाटाच्या पायऱ्या उतरून बाबांनी पाण्यात पाय सोडले. पलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा, आर्वी तालुका. आयुक्त नागपूरचे.

शेजारी एक शेतकरी बैल धूत होता. माझ्यापेक्षा लहान असेल. बाबांनी विचारपूस केली.

"वावर तिकडं हाय, घर इकडं," तो म्हणाला. "सातबारा अजून माया बापाच्याच नावानं हाय. बाप जाऊन चार वर्सं झाली. आर्वीले जा लागते, दिवस मोडते. राहून गेलं."

"भाऊ किती? बहिणी?" बाबांनी विचारलं.

"मी न् दोन बहिणी."

"मग वारसाची नोंद घाल. बहिणींची नावं सोडू नको. मृत्यूचा दाखला आहे?" त्यानं मान हलवली. बाबांनी पाण्यातून पाय काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि मला म्हणाले, "तुझ्या पिशवीतली ती वही दे." मागचं पान, जिथे सहा नावं होती, ते त्यांनी उलटलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर एक आकडा घालून लिहायला सुरुवात केली: अर्ज, तलाठ्याकडे.